शिळेवरची भाषा आणि घाटमाथ्याची बोली

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या हमरस्त्याने राजगुरुनगर गाठले, की तिथून पुढे सह्याद्रीत उगम पावून पूर्वेकडे वाहत गेलेल्या नद्या प्रवाशाला एकामागून एक ओलांडाव्या लागतात: प्रथम भीमा, मग कळंबजवळ घोड, नारायणगावी मीना आणि तिच्याही उत्तरेस कुकडी. जुन्या कागदपत्रांत या नद्यांच्या खोऱ्यांना भीमनेर, घोडनेर, मिननेर आणि कुकडनेर अशी नावे आढळतात. त्यांपैकी भीमनेर आज बहुतांशी खेड तालुक्यात मोडते. उरलेल्या तीन खोऱ्यांनी मिळून जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरील दोन तालुके घडले आहेत. पश्चिमेस कोकणात कोसळणारे कडे, त्यांच्या माथ्यावर भाताची खाचरे आणि हिरड्याची राने, मध्यभागी किल्ले आणि लेणी यांनी वेढलेला जुन्नरचा प्राचीन कसबा, आणि पूर्वेस ऊस, कांदा, टोमॅटो व द्राक्षे पिकविणारे सपाट बागायती रान, असा हा तीन पायऱ्यांचा मुलूख आहे.

या मुलुखात येणारे बहुसंख्य प्रवासी शिवनेरीचे दर्शन घेतात, ओझर आणि लेण्याद्री येथील दोन अष्टविनायकांना वंदन करतात आणि दिवेलागणीच्या आत परतीची वाट धरतात. त्यांच्या भक्तीविषयी मला आदरच आहे. परंतु कुकडीच्या मुखाकडून उगमाकडे, म्हणजे बाजारपेठेकडून घाटमाथ्याकडे, सावकाश चालत गेल्याखेरीज या प्रदेशाचे खरे रूप उमगत नाही, असे मला वारंवारच्या फिरण्यातून वाटू लागले आहे. येथील संस्कृती एका जागी साठलेली नाही. ती कोरलेल्या अक्षरांत आहे, तशीच न लिहिलेल्या बोलीतही आहे; आणि एकीचा मान ठेवून दुसरीकडे पाठ फिरविली, तर निम्मा मुलूख न पाहिल्यासारखेच होते.

पूर्वेकडून येताना पहिला मुक्काम नारायणगावचा. टोमॅटोच्या हंगामात येथील बाजार गाड्यांनी भरून वाहतो; परंतु महाराष्ट्राच्या लोककलेच्या इतिहासात या गावाचे नाव निराळ्याच कारणाने कोरले गेले आहे. तमाशाच्या फडांची ही पंढरी मानली जाते. चैत्र-वैशाखातील गावोगावच्या जत्रा जवळ आल्या, की फडमालक येथे आपल्या राहुट्या उभारतात, आणि दूरदूरच्या गावांचे पंच येऊन, भाव ठरवून, आपल्या ग्रामदैवताच्या यात्रेसाठी फडाला सुपारी देऊन जातात. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा फड याच गावच्या नावाने गाजला, आणि भाऊंची कन्या विठाबाई हिने तो लौकिक शिखरास नेला. विठाबाईंना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव प्राप्त झाला. २००२ साली त्यांचे देहावसान झाल्यावर महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. ज्या समाजाला गावाच्या वेशीबाहेर ठेवले गेले, त्याच समाजाच्या कंठातून अवघ्या गावाला पोट धरून हसविणारी आणि डोळ्यांत पाणी आणणारी मराठी बाहेर पडली, हे सत्य नारायणगावच्या राहुट्यांसमोर उभे राहिले असता फार तीव्रतेने जाणवते. सवाल-जवाबातील हजरजबाबीपणा, वगातील गद्याचा ठसका, गणगौळणीतील भाविकता, ही सारी वाङ्मयसंपदा दीर्घकाळ पुस्तकांवाचून, केवळ पाठांतरावर आणि फडातल्या शिकवणुकीवर चालत आली आहे.

नारायणगावच्या पूर्वेस काही कोसांवर खोडद येथे विराट रेडिओ दुर्बीण आहे. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकार झालेली ही दुर्बीण म्हणजे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांचा समूह होय. आकाशातून येणाऱ्या क्षीण रेडिओलहरी टिपण्यासाठी मानवी गोंगाटापासून दूर असलेले स्थान आवश्यक होते. डोंगरांच्या आडोशाचा हा प्रदेश त्यासाठी निवडला गेला. एकाच तालुक्यात ढोलकीचा कडकडाट आणि अंतराळाच्या मौनाचा अभ्यास नांदतो, ही या भूमीच्या स्वीकारशीलतेची साक्ष आहे.

जुन्नर कसब्यात शिरताना मात्र मन काळाच्या मागच्या थरांकडे वळते. उत्तर कोकणातील कल्याण आणि सोपारा या बंदरांतून घाट चढून आलेला व्यापारी माल दख्खनच्या पठारावर जेथे प्रथम विसावे, ते हे नगर. सातवाहनांच्या काळी त्याची भरभराट झाली. पुढे बहमनी राजवटीच्या अखेरीस मलिक अहमदने १४९० साली येथेच स्वतंत्र निजामशाहीची द्वाही फिरविली, आणि नवे अहमदनगर वसेपर्यंत जुन्नर हीच त्या सलतनतीची राजधानी होती. गावाबाहेर हापूसबागेतील सौदागर घुमट त्या वैभवाची खूण म्हणून अद्याप उभा आहे. येथील कागदी लोक हातकागद बनवीत, आणि पेशवाईच्या दप्तरांत जुन्नरी कागदाला मानाचे स्थान होते. तेव्हा मराठ्यांच्या राज्याचा हिशेब, करारमदार आणि सनदा ज्या पानांवर उतरल्या त्यांतील कित्येक पाने याच कसब्यातील मुसलमान कारागिरांच्या हातची होती, हे जुन्नरच्या गल्ल्यांतून हिंडताना स्मरणात ठेवण्याजोगे आहे.

गावाच्या चहूबाजूंच्या डोंगरांत, म्हणजे लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरी यांच्या कातळांत, दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. एका नगराभोवती लेण्यांचा एवढा मोठा समुदाय भारतात अन्यत्र नाही. तुळजा डोंगरातील वर्तुळाकार चैत्यगृह आणि त्यातील अष्टकोनी बारा स्तंभ शिल्पाभ्यासकांना विशेष प्रिय आहेत. मला स्वतःला मात्र या लेण्यांच्या सौंदर्याहून त्यांवरील ब्राह्मी लिपीतील छोटे छोटे दानलेख अधिक बोलके वाटतात, कारण त्यांत राजांपेक्षा रयतच अधिक भेटते. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्त नावाच्या गृहस्थाने दिले. म्हणजे घाटाच्या पायथ्याशी असलेल्या बंदरातील माणसाची श्रद्धा घाटाच्या माथ्यावरील डोंगरात कोरली गेली. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवून त्यांच्या उत्पन्नातून धर्मकार्य चालावे, अशी तजवीज एका दानात आहे; आजच्या भाषेत ज्यास कायम ठेव म्हणतात, तिचाच हा पूर्वज. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने ४६ व्या वर्षी मंडप व टाके दिल्याची नोंद मानमोडीच्या लेण्यांत आहे. आणि सर्वांत विस्मयकारक म्हणजे इरिल, चिट आणि चंद या यवनांची दाने: एकाने पाण्याची दोन टाकी दिली, एकाने संघासाठी भोजनमंडप दिला, एकाने लेण्याचा दर्शनी भाग घडविला. समुद्रापलीकडून आलेल्या कुळांतील ही माणसे. परंतु त्यांच्या दानाची नोंद त्यांच्या मूळ भाषेत नाही, येथल्या प्राकृतात आहे. परक्याला आपला मानण्याची आणि परक्यानेही येथल्या भाषेत आपले नाव लिहवून घेण्याची ही रीत दोन हजार वर्षांमागची आहे.

लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून गेले, की बौद्ध भिक्षूंच्या वर्षावासासाठी कोरलेल्या एका प्रशस्त विहारात गिरिजात्मजाची मूर्ती दिसते. धर्म पालटले, उपासना पालटली, परंतु कातळातील निवारा आणि त्यावरील लोकांची निष्ठा टिकून राहिली. ओझरचा विघ्नेश्वर कुकडीच्या तीरावर आहे. तेथील गर्दीतही नदीकाठचा प्रसन्नपणा हरवलेला नाही.

शिवनेरीविषयी नव्याने काय लिहावे? १९ फेब्रुवारी १६३० रोजी येथे शिवछत्रपतींचा जन्म झाला, ही एकच गोष्ट या किल्ल्यास तीर्थ करावयास पुरेशी आहे. सात दरवाजे ओलांडीत, शिवाई देवीस नमस्कार करीत, गंगा-जमुना टाक्यांचे थंड पाणी पाहत माथ्यावर गेले असता प्रत्येक मराठी माणसाच्या मनात जे उचंबळून येते, ते शब्दांच्या पलीकडचे आहे. तथापि इतिहासाची एक हुरहुर लावणारी बाजू येथे विसरता येत नाही. १६३६ च्या तहानंतर हा किल्ला मोगलांकडे गेला. १६५७ साली शिवाजी महाराजांनी जुन्नर शहरावर छापा घातला, तथापि आपले जन्मस्थान त्यांना हयातीत कधीच ताब्यात घेता आले नाही.

याच किल्ल्यावर एक चौथरा आहे. लोक त्यास कोळी चौथरा म्हणतात. सतराव्या शतकाच्या मध्यास, भोवतालच्या डोंगरांतील महादेव कोळ्यांनी खेमी सरनाईकाच्या नेतृत्वाखाली मोगली अंमलाविरुद्ध उठाव केला, तो मोडून काढण्यात आला आणि पकडलेल्या लोकांचा या जागी शिरच्छेद झाला, अशी परंपरा सांगते. आज दरवर्षी आदिवासी समाजाचे लोक तेथे येऊन आपल्या पूर्वजांना अभिवादन करतात. शिवजन्माच्या जागेपासून हा चौथरा फार दूर नाही, परंतु तेथपर्यंत वळणारे पाय थोडे असतात. माझी वाचकांस कळकळीची विनंती आहे, की शिवनेरीस गेल्यावर या चौथऱ्यापाशीही क्षणभर थांबावे. कारण ज्या मावळ्यांच्या बळावर स्वराज्याचा मनोरथ पुढे सिद्धीस गेला, त्या डोंगरी माणसांची जुलमापुढे मान न तुकविण्याची वृत्ती तेथे उभी आहे.

जुन्नरहून पश्चिमेकडे निघालेला रस्ता चावंड किल्ल्याच्या कुशीतून, पूर गावच्या कुकडेश्वराच्या प्राचीन शिवालयावरून घाटघरकडे जातो. कुकडेश्वराजवळच कुकडीचा उगम. हडसर, चावंड, जीवधन आणि शिवनेरी ही किल्ल्यांची माळ ज्या वाटेच्या रक्षणासाठी गुंफली गेली, ती नाणेघाटाची वाट घाटघरच्या पुढे कातळ फोडून कोकणात उतरते. घाटाच्या तोंडाशी दगडाचा एक मोठा रांजण आहे; जकातीची नाणी त्यात टाकीत, असे लोक सांगतात. त्याच्या खालच्या अंगास एका चौरस लेण्यात, ज्याच्या कडेने बसण्यासाठी कट्टे कोरले आहेत, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर सातवाहन राज्ञी नागनिका हिचा दीर्घ लेख आहे.

१८२८ साली कर्नल साइक्स यांचे लक्ष या लेखाकडे गेले. पुढे प्रिन्सेप, भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांच्या परिश्रमांनी त्याचा अर्थ उलगडला. धर्म, इंद्र, संकर्षण आणि वासुदेव, चंद्र आणि सूर्य, तसेच दिशांचे पालक यांना वंदन करून लेखास आरंभ होतो. महारठी कुळातील कन्या, श्रीसातकर्णीची पत्नी, कुमारांची माता आणि व्रतस्थ जीवन कंठणारी राणी असा नागनिकेचा परिचय त्यात येतो. नंतर राजसूय, अश्वमेध इत्यादी यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, गावे व कार्षापणांची मोजदाद येते. ही मोजदाद आकड्यांच्या चिन्हांत कोरलेली असल्याने भारतीय अंकलेखनाच्या इतिहासात या भिंतींना असाधारण महत्त्व आहे. मागच्या भिंतीवर सिमुक सातवाहन, नागनिका व सातकर्णी आणि त्यांच्या परिवारातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज वर कोरलेली नावे आणि खाली काही पायांचे अवशेष एवढेच उरले आहे. वैदिक यज्ञांचे हे वर्णन संस्कृतात नाही, प्राकृतात आहे, ही बाब मननीय आहे. घाट चढून आलेला तांडेल, बैलांचा मालक, पहाऱ्यावरचा शिपाई यांच्या कानांवर हा लेख कोणी वाचून दाखविला, तर त्यांना तो कळावा अशीच ती भाषा होती. हाल सातवाहनाच्या नावाने प्रसिद्ध असलेली गाथासप्तशती ज्या महाराष्ट्री प्राकृतात संकलित झाली, तिच्याशी या भाषेचे निकटचे नाते आहे, आणि मराठीची वंशरेषा त्याच प्रवाहातून उतरलेली आहे. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळावा म्हणून रंगनाथ पठारे समितीने जे पुरावे मांडले, त्यांत नाणेघाटच्या लेखाचा समावेश होता. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने तो दर्जा मान्य केला. तेव्हा ही गुहा म्हणजे मराठी भाषकांचा एक दफ्तरखानाच म्हणावयास हवा.

परंतु गुहेतून बाहेर पडून घाटघरच्या वस्तीकडे वळले, की दुसरी मराठी कानांवर पडते. ती घाटमाथ्यावरील महादेव कोळ्यांची. जीवधनच्या पायथ्यापासून दुर्ग-ढाकोबा, आहुपे आणि भीमाशंकरपर्यंतच्या डोंगरपट्ट्यात हा समाज शतकानुशतके राहत आला आहे. त्याच्याबरोबर ठाकर आणि कातकरी यांच्या वाड्याही आहेत. या डोंगरी प्रदेशास बावन मावळ म्हणत, आणि प्रत्येक मावळावर नाईक असे. घाटांची राखण, किल्ल्यांची शिबंदी, वाटसरूंचा बंदोबस्त ही त्यांची वंशपरंपरेची कामे होती. १८१८ नंतर इंग्रजी अंमल आला, किल्ल्यांवरील शिबंदी मोडली, जुने हक्क संपुष्टात आले, आणि रोजगार हिरावला गेलेल्या या लोकांनी एकामागून एक बंडे उभारली. रामजी भांगरे यांचे, नंतर त्यांचे पुत्र राघोजी भांगरे यांचे बंड अकोले तालुक्यापासून जुन्नरच्या डोंगरांपर्यंत पसरले होते. राघोजींना २ मे १८४८ रोजी ठाण्यात फाशी देण्यात आली. आंबेगावच्या जांभोरी गावचा होन्या भागोजी केंगले याने १८७३ पासून तीन वर्षे सावकारशाहीविरुद्ध जो संघर्ष केला, त्याचे कारण सरकारी गॅझेटियरातूनही लपत नाही: कर्जाच्या दस्तऐवजांवर अंगठा उमटवून घेऊन डोंगरातील जमिनी सावकारांच्या घशात जात होत्या. १८७६ साली होन्या पकडला गेला. सरकारी दप्तराने त्यास दरोडेखोर म्हटले. घोडनेरच्या लोकांनी त्यास आपला कैवारी मानले.

कॅप्टन ॲलेक्झांडर मॅकिंटॉश यांनी १८३० च्या दशकात महादेव कोळ्यांविषयी विस्तृत वृत्तांत लिहिला. त्यात माहिती विपुल आहे, परंतु ती दृष्टी बंदोबस्तासाठी आलेल्या अंमलदाराची आहे. या समाजाचे चित्र आतून रेखाटणारा अभ्यासक याच मातीतून निपजला, ही आनंदाची गोष्ट होय. जुन्नर तालुक्यातील निमगिरी या डोंगराळ गावी जन्मलेले डॉ. गोविंद गारे पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संचालक झाले, आणि ‘सह्याद्रीतील आदिवासी महादेव कोळी’ या ग्रंथाने त्यांनी आपल्या लोकांचा इतिहास, दैवते, सण आणि जीवनपद्धती मराठी वाचकांसमोर अधिकाराने मांडली. जुन्नरचा प्रवास करण्यापूर्वी किल्ल्यांच्या पुस्तकांबरोबर हे पुस्तकही वाचावे.

आंबेगाव तालुक्याचे ठाणे घोडेगाव, मोठी बाजारपेठ मंचर. परंतु ज्या गावाचे नाव तालुक्याला मिळाले ते मूळ आंबेगाव आज पाण्याखाली आहे. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांपैकी डिंभे धरण घोड नदीवर बांधले गेले, आणि त्याच्या जलाशयात खोऱ्यातील सुपीक जमिनी आणि वस्त्या बुडाल्या. पूर्वेकडील बागायतीस त्या पाण्याने समृद्धी दिली, हे खरे. तिची किंमत पश्चिमेकडील आदिवासींनी मोजली, हेही तितकेच खरे. तथापि हे लोक हताश होऊन बसले नाहीत. उन्हाळ्यात पाणी ओसरले, की उघड्या पडणाऱ्या ओलसर गाळात पीक घेण्याची गाळपेर त्यांनी हक्काने मिळविली, आणि पिढ्यान्पिढ्या डोंगर कसणाऱ्या हातांनी होडी व जाळे चालविण्याची विद्या शिकून जलाशयातील मासेमारीसाठी सहकारी संस्था उभी केली. ‘शाश्वत’ या संस्थेच्या साहाय्याने झालेल्या या कार्यास २०१२ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार लाभला.

या लोकांच्या श्रमसंस्कृतीतील सर्वांत सुंदर प्रथा पडकईची. डोंगराच्या उतारावर एका कुटुंबास खाचर घडविणे शक्य नसते. म्हणून उन्हाळ्यात अनेक कुटुंबे एकत्र येऊन आज एकाच्या, उद्या दुसऱ्याच्या शेतात दगडांचे बांध घालतात, माती सपाट करतात, आणि पावसाळ्यात तेथे भाताची आवणी होते. मजुरीचा व्यवहार नसतो. श्रमाची फेड श्रमाने होते. पुढे शासनाने या प्रथेस योजनेचे रूप दिले, हे उचितच झाले. माळरानावर नाचणी, वरई आणि खुरासणी. चैत्र-वैशाखात बाळहिरड्याची वेचणी. पावसाच्या आधी राब भाजणे. भर पावसात इरले पांघरून आवण लावणे, अशा कामांच्या क्रमाने येथील वर्ष फिरते. हिरडा औषधास आणि रंगकामास लागतो. तो वाळवून विकल्यावर येणाऱ्या पैशांतच पुष्कळ घरांचे मीठमिरचीचे आणि मुलांच्या वह्यापुस्तकांचे भागते. म्हणून येथील माणूस हिरड्याचे झाड शेतातही तोडीत नाही.

या डोंगरांचे रौद्र रूपही ध्यानात ठेवले पाहिजे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी अतिवृष्टीने डोंगराचा कडा खचून माळीण गाव गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पुढे आमडे येथे नवे माळीण वसविण्यात आले. त्या वाटेने जाताना बोलणे आपोआप थांबते, आणि डोंगराच्या पोटात राहणाऱ्या माणसाच्या जिवाचे मोल राज्यकारभाराने नेहमी आधी ओळखावे, अशी प्रार्थना मनात उमटते.

आहुपे हे घोड नदीच्या उगमाजवळचे गाव. येथील भैरवनाथाची देवराई पाहताना वृक्षपूजेचा अर्थ प्रत्यक्ष समोर उभा राहतो. देवाच्या नावाने राखलेल्या या रानातील काडीही घरी न्यावयाची नाही, हा नियम लोकांनी पिढ्यान्पिढ्या पाळला. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे वनस्पतिशास्त्रीय मोल विद्वानांच्या निदर्शनास आणले; परंतु त्यापूर्वी कित्येक शतके ते मोल वरसूबाई, कळमजाई आणि भैरवनाथ यांच्या भक्तांना उमगलेले होते. दक्षिणेस भीमाशंकरचे ज्योतिर्लिंग आणि त्याभोवतीचे, १९८५ साली घोषित झालेले अभयारण्य आहे. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू त्याच्या उंच वृक्षांवर आपले घरटे बांधतो. मंदिरासमोरील पोर्तुगीज घंटा चिमाजी अप्पांनी वसईच्या १७३९ च्या विजयानंतर अर्पण केली, असे सांगतात.

दिवाळीपूर्वीच्या आश्विन वद्य द्वादशीस घाटमाथ्यावर वाघबारस साजरी होते. गुराखी वाघोबास नैवेद्य दाखवितात, आणि गुराढोरांवर कृपा असावी म्हणून त्यास विनवितात. हिंस्र श्वापदास शत्रू न समजता डोंगराचा धनी समजण्याची ही वृत्ती किती अर्थपूर्ण आहे, ते पूर्वेकडील उसाच्या रानांत आज दिसते: तेथे बिबटे वस्तीजवळ आले, माणसे दगावली, आणि माणिकडोह येथे बिबट निवारा केंद्र उभारावे लागले. धाक आणि आदर यांच्या समतोलाने श्वापदाशेजारी राहण्याचे शास्त्र वाघबारसेने जतन केले आहे. बागायती गावांनी ते शिकून घ्यावे.

आता भाषेकडे पुन्हा वळतो, आणि त्यासाठी दूरचे एक उदाहरण घेतो. युरोपात पिरेनीज पर्वत आणि भूमध्य समुद्र यांच्या दरम्यान कॅटलान लोकांचा प्रदेश आहे. ११ सप्टेंबर १७१४ रोजी त्यांची राजधानी बार्सेलोना शत्रूच्या हाती पडली. तो पराभवाचा दिवसच ते लोक आपला राष्ट्रीय दिन म्हणून पाळतात. १९३९ ते १९७५ या फ्रँकोच्या राजवटीत त्यांची भाषा शाळा आणि कचेऱ्यांतून हद्दपार झाली. परंतु घरांतून, गाण्यांतून, आणि माणसांच्या खांद्यांवर माणसे चढवून उभारलेल्या त्यांच्या मनोऱ्यांच्या उत्सवांतून त्यांनी आपले स्वत्व राखले, आणि संधी मिळताच ती भाषा पुन्हा शाळेत आणली. कोळी चौथऱ्यावर जमणाऱ्या लोकांचे आणि घाटमाथ्यावरील बोलीचे मोल समजण्यास हे उदाहरण मला उपकारक वाटते. फरक एवढाच, की येथे कोणी बंदीचा हुकूम काढलेला नाही. येथील बोली लाजेने मागे सरते. आश्रमशाळेतील मूल घरचा शब्द उच्चारते आणि वर्ग हसतो. मंचर-नारायणगावच्या बाजारात डोंगराचा हेल ऐकून दुकानदार स्मित करतो. आणि दोन पिढ्यांत ज्या शब्दांनी राने, पाऊस, खाचरे, गवते आणि दैवते ओळखली जात, ते शब्द आजीबरोबर निघून जातात.

नागनिकेच्या लेखापुढे आपण हात जोडतो, ते त्यातील भाषा प्राचीन आहे म्हणून; पण ती कोरली गेली तेव्हा याच घाटावर बोलली जाणारी, ताजी, व्यवहारातली भाषा होती, आणि ती लिहून ठेवण्याजोगी आहे असे राणीला वाटले, म्हणूनच आज आपल्याला तिचा अभिमान मिरविता येतो. तोच न्याय घाटघर, आहुपे आणि जांभोरीच्या बोलीस लागू आहे. जुन्नर आणि घोडेगावच्या शिक्षकांनी, महाविद्यालयांनी आणि ग्रंथालयांनी वाघबारसेची गाणी, पडकईचे नियम, देवरायांतील झाडांची नावे, नाईकांच्या कथा आणि फडांतील वग त्या त्या माणसांच्या तोंडून, त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावेत. मुलांना प्रमाण मराठी अवश्य शिकवावी, पण घरची बोली चुकीची आहे असे त्यांना कधीही वाटू देऊ नये. प्रवाशानेही नाणेघाटातून परतताना घाटघरच्या ओसरीवर बसून, विचारून, ऐकून घ्यावे. अभिजात ठरलेल्या भाषेची पुढची पाने तेथे अजून बोलली जात आहेत, आणि ती लिहून घेण्याची जबाबदारी आपली आहे.